राखलेला कागद

आमच्या शाळेतल्या मुलांना निसर्गचित्र काढायला सांगितले की शंभरातली नव्वद मुले एकच चित्र काढतात. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यातून उगवणारा सूर्य, तिथूनच निघून खाली येणारी नदी, नदीकाठी एक झोपडी आणि झोपडीच्या चौपट उंचीचे एक नारळाचे झाड. वाईच्या भोवती इतके डोंगर आहेत, पण त्यातला एकही त्रिकोणी नाही. सगळ्यांची डोकी सुरीने कापल्यासारखी सपाट. तरी मुले त्रिकोणच काढतात. एखादा चलाख मुलगा त्या त्रिकोणांची टोके न रंगवता तशीच सोडून देतो. "हे काय रे?" म्हणून विचारले की शांतपणे सांगतो, "सर, बर्फ आहे."

त्याला मी गुण देतो. कारण जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद राखायचा असतो, हे मीच वर्गात वीस वर्षे सांगत आलो आहे. मॅट्रिक (आमच्या घरात दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात) आणि चित्रकलेचा दाखला, एवढ्या भांडवलावर मी मास्तर झालो. पुढे तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्याही या भांडवलात न बसणाऱ्याच. पण रंग आणि छाया यांतले आपल्याला कळते, आपली नजर तयार आहे, असा एक अहंकार मी बाळगून होतो. तो कुठे आणि कसा उतरला त्याची ही हकिगत आहे.

खरे सांगायचे तर चाळिशी उलटेपर्यंत मी बर्फ पाहिला होता तो गोळेवाल्याच्या गाडीवर आणि लग्नसराईत, लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून आलेल्या लादीचा. चौथ्या कादंबरीत मात्र मला एक माणूस बर्फात मारायचा होता. मारायचा तर निदान ठिकाण बघून मारावा, असे मनात होते. हे मी एकदा बापूच्या गॅरेजमध्ये बोललो आणि बापू म्हणाला, "मग जाऊ की. जिप्सी काय पूजेला ठेवलीय?"

बापू, मी आणि तलाठी असे तिघे 1993 सालच्या दहावीच्या तुकडीतले. तलाठी हा खरोखरीच तलाठी आहे. त्याचे नाव आम्ही आता पत्रिकेवरच वाचतो. बापूने दहावीनंतर पाना हातात घेतला तो आजतागायत खाली ठेवलेला नाही. त्याची जिप्सी 1998 सालची. लष्कराच्या लिलावातली वगैरे नव्हे, एका बागायतदाराकडून रडतखडत घेतलेली. तिच्यावर त्याने जे काही केले आहे ते मी माझ्या कुठल्याही कादंबरीवर केलेले नाही. तीन-तीनदा उकलून पुन्हा बांधली. पावसाळ्यात आमच्याकडच्या घाटांखालच्या चिखलवाटांवरून तो ती अशी नेई की शेजारी बसलेल्या माणसाला देव आठवावा आणि बापूला मात्र तेव्हाच बिडी पेटवायची आठवण व्हावी. लहानपणापासून धाडसाचे खाते त्याच्याकडे, हिशेबाचे तलाठ्याकडे आणि भीतीचे माझ्याकडे. कृष्णेच्या पुरात पुलावरून उडी बापू मारी, कपडे तलाठी सांभाळी आणि मी घाटावर उभा राहून त्याच्या आईला काय सांगायचे ते मनाशी जुळवी.

2019 सालच्या जानेवारीत आम्ही निघालो. मुख्याध्यापकांनी रजा दिली ती "या वयात हे काय?" अशा नजरेने. बापूच्या घरच्या वहिनींनी मात्र एक शब्दही काढला नाही. शिदोरी दिली, दशम्या दिल्या, चटणी दिली, आणि तलाठ्याला बाजूला घेऊन काहीतरी बोलल्या. मला वाटले खर्चाचे असेल.

नाशिक-धुळे-इंदूर करीत दोन हजारांवर किलोमीटर आम्ही उत्तरेला गेलो, त्याचे वर्णन करीत बसत नाही. सिमल्यापासून पुढे सतलज धरली. किन्नौरमध्ये रस्ता कड्यात असा कोरून काढला आहे की डोक्यावर दगडाचे छत आणि एका बाजूला काहीच नाही. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून वळून नाको, मग ताबो. ताबोचा मातीचा मठ इसवी सन 996 मधला. त्याच्या भिंतींवरची चित्रे पाहून माझ्यातला ड्रॉइंगमास्तर दोन दिवस अबोल झाला होता. हिवाळ्यात स्पितीत जायला हीच एक वाट उरते. मनालीकडची वाट कुंझुम खिंडीवरून येते आणि ती खिंड बर्फाने बंद असते. म्हणजे आत शिरायचे दार आणि बाहेर पडायचे दार एकच.

या वाटेवर तीन गोष्टी घडल्या होत्या. धुळ्याच्या पुढे दिवस मावळल्यावर बापूने न मागता गाडी तलाठ्याच्या हाती दिली. आयुष्यात पहिल्यांदा. मी मनात म्हटले, वय झाले. रामपूरला चहा ओतताना त्याने कपाच्या बाहेर ओतला. मी म्हटले, थंडी. आणि काझाच्या पेट्रोलपंपावर, जगातला सर्वांत उंचावरचा म्हणून जो प्रसिद्ध आहे त्या पंपावर, "मास्तर, पाटीवर काय लिहिलंय वाच बघू," असे तो म्हणाला आणि मी मोठ्या आवाजात वाचून दाखवली. अक्षरे हातहातभर होती. मला वाटले, तो माझ्या वाचनाची थट्टा करतो आहे.

काझा बारा हजार फुटांवर. तिथे दोन रात्री काढल्या. नळ गोठलेले, अंघोळीचा विषय संपलेला, रात्री उणे वीसच्या घरात पारा. माणसे पाहुण्याला आधी बुखारीजवळ बसवतात आणि मग नाव विचारतात. बुखारी म्हणजे खोलीच्या मधोमध असलेली पत्र्याची शेगडी, तिचा धुराडा छपरातून बाहेर. तिसऱ्या दिवशी जेसीबीने वरच्या लांगझा गावाचा रस्ता मोकळा केल्याचे कळले आणि बापूच्या अंगात वारे शिरले.

चारही चाकांना साखळ्या चढवल्या. त्या साखळ्या बापूने स्वतः घालून घट्ट केल्या, नुसत्या बोटांनी, कडी चाचपत. मी बॅटरी धरायला गेलो तर म्हणाला, "बाजूला हो, उजेडाचं काय काम?" मला त्याच्या कसबाचे कौतुक वाटले. गाडी फोर-लोमध्ये टाकली आणि आम्ही चढू लागलो. दोन्ही बाजूंना कापलेल्या बर्फाच्या भिंती, वर निळ्याचा कळस म्हणावा असे आभाळ. हवा समुद्रकाठच्या साठ टक्क्यांवर आल्यामुळे इंजिनला आमच्यासारखीच धाप लागलेली. बापू गाणे गुणगुणत होता. भिंतीमधून जायचे, ऊन लख्ख, डोळ्यांना काळा चष्मा. त्या दिवशी त्याला सगळे जमले.

लांगझा कळसूबाईच्या अडीच पटींहून उंच. पंधरा-वीस घरे दिसतात, एक मोठी बुद्धमूर्ती दरीकडे तोंड करून बसलेली आणि मागे सहा हजार तीनशे मीटरांचे चौ-चौ-कांग-निल्दाचे शिखर. तेवढे एक मात्र त्रिकोणी आहे. मुलांची मी मनातल्या मनात माफी मागितली. ज्या घरात उतरलो त्या घरच्या म्हाताऱ्याने फडताळातून काढून एक काळा दगड माझ्या हातावर ठेवला. त्याच्यात शंखासारखे वेटोळे. आमच्या देवघरात आजोबांच्या वेळचा शाळिग्राम आहे, त्याच्याच कुळातला. या गावाखालची जमीन कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राचा तळ होती आणि हे त्या समुद्रातले प्राणी. आजी शाळिग्रामाला रोज पाणी घालायची ते काही अगदीच अस्थानी नव्हते, असे वाटून गेले.

रात्री कुकरच्या शिट्टीवर शिट्टी झाली तेव्हा कुठे डाळ शिजली. तलाठी जेवला नाही. डोके दुखते म्हणाला. त्याच रात्री बर्फ पडायला लागला. पावसाला आवाज असतो, आपण पडल्या पडल्या त्याच्याशी बोलू शकतो. बर्फाला आवाज नाही. सकाळी दार उघडले तर जिप्सीच्या जागी एक उंचवटा होता.

दिवसभर पडला. दुसऱ्या रात्रीही पडला. तलाठ्याला उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला मी मुतायला धरून नेला तेव्हा तो सरळ रेषेत चालत नव्हता आणि मला "भाऊसाहेब" म्हणत होता. आमच्या तहसील कचेरीत तो ज्याला भाऊसाहेब म्हणतो तो मनुष्य मी नव्हे. म्हाताऱ्याने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि आपल्या हिंदीत सांगितले, याला औषध एकच, खाली. आज खाली. उंचीच्या आजारात माणूस जिथे आहे तिथेच ठेवला तर फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी भरते, हे मी निघण्यापूर्वी वाचलेही होते. कादंबरीसाठी. एका वहीत टिपून घेतले होते, छान मुद्देसूद.

पण जेसीबीने केलेला रस्ता आता नव्हता. भिंती आणि भिंतींमधली वाट सारखी झाली होती. बर्फ थांबला होता, पण ढग इतके खाली की आभाळ आणि जमीन यांच्यात शिवण दिसत नव्हती. म्हातारा म्हणाला, "रास्ता सो रहा है," आणि भिंतीला टेकवलेले फावडे त्याने उचलले. त्याचा मुलगा हिवाळ्यापुरता खाली गेलेला. गावात दुसरी गाडी चालू होण्याजोगी नव्हती. म्हाताऱ्याने बुखारीतली राख एका पोत्यात भरली आणि ते पोते जिप्सीत टाकले. ती कशासाठी हे पुढे कळले.

तलाठ्याला दोन रजयांत गुंडाळून मागे आडवा केला. म्हातारा पुढे चालायचा, गाडी त्याच्या पावलांवरून यायची, असे ठरले. पहिले शंभर पावले गेलो. पहिले वळण आले. बापूने गाडी थांबवली.

"मास्तर," तो म्हणाला, "म्हातारा कुठाय?"

म्हातारा समोर होता. वीस-पंचवीस फुटांवर. राखाडी लोकरी अंगरखा, हातात फावडे, आणि तो मागे वळून हाताने "या, या" करत होता.

"समोर आहे की."

बापूने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग सुकाणूवर दोन्ही हात ठेवून तो अगदी हळू, मागच्याला ऐकू जाऊ नये असे बोलला. डाव्या डोळ्यापुढे दोन महिन्यांपासून काळी जळमटे तरंगतात. उजव्यातून धुरकट दिसते. डॉक्टरांनी सांगितले आहे, साखरेने पडद्यावरच्या शिरा फुटताहेत, ताबडतोब लेसर करा. त्याने फेब्रुवारीची तारीख घेतली आहे. "खाली काळा रस्ता असला की चालून जातं रे. कडेची पांढरी पट्टी दिसते. आज सगळंच पांढरं आहे. पांढऱ्यावर ती जळमटंच तेवढी दिसतात. बाकी काही नाही."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. पंचवीस वर्षांत त्याला शिवी दिली नव्हती ती त्या वेळी दिली. आईवरून दिली. "आम्हाला घेऊन आलास तू! दोन हजार किलोमीटर!" तो काहीच बोलला नाही. मागे तलाठी कण्हला. मला गाडी चालवता येत नव्हती. माझी मजल स्कूटरपर्यंत. समोर म्हातारा बोलावत होता. भांडायला जागाच नव्हती. भांडणालासुद्धा थोडी सपाट जमीन लागते.

माझ्या गळ्यात लाल मफलर होता. सौभाग्यवतींनी विणलेला, जास्वंदी लाल, चित्रात मी मुलांना जो कधी वापरू देत नाही तसला भडक. मी तो सोडला आणि बापूच्या डोळ्यांसमोर धरला.

"हे दिसतं?"

"दिसतं."

मी खाली उतरलो. बॉनेटपासून मागे मागे नव्हे, पुढे पुढे गेलो आणि ओरडत राहिलो, "आता? आता?" दहा-बारा पावलांवर तो म्हणाला, "बास. तिथंच राहा."

आणि अशी आमची वरात निघाली. सर्वांत पुढे म्हातारा, फावड्याच्या दांड्याने बर्फात खुपसून खालचा रस्ता चाचपणारा. त्याच्या पावलांत पाऊल टाकत मी, हातात मफलर उंच धरून. माझ्यामागे दहा पावलांवर घुरघुरत येणारी जिप्सी, तिच्यात एक आंधळा आणि एक बेशुद्धीच्या काठावरचा. उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी, पण ती दरी दिसत नव्हती. मला आजही त्याचीच भीती वाटते. खोल दरी दिसली की माणूस आपोआप आत सरकतो. इथे दरी म्हणजे फक्त पांढऱ्याचा पुढचा भाग होता.

मी इतकी वर्षे मुलांना सांगत आलो होतो की बर्फ पांढरा नसतो. सावलीत निळा असतो, उन्हात पिवळसर, सायंकाळी जांभळट. नीट पाहा म्हणजे दिसेल. त्या दिवशी मी नीट पाहत होतो. जीव डोळ्यांत आणून पाहत होतो, आणि बर्फ पांढरा होता. छाया नाही, कड नाही, उठाव नाही. ऊन नसले की बर्फातली सगळी रेखाटणे पुसली जातात. सगळा कागद राखलेला. चित्र कुणी काढायलाच घेतलेले नाही असा. म्हातारा कशावरून वाट ओळखत होता कोण जाणे. मी विचारले तर त्याने पायाकडे बोट दाखवले. डोळ्यांनी नाही, तळव्यांनी.

बर्फ पोटरीपर्यंत होता. वाऱ्याने साठवलेल्या ठिकाणी मांडीपर्यंत. तिथे गाडीचे पोट बर्फावर टेके आणि चाके खाली टांगल्यासारखी नुसती फिरत. अशा वेळी चाक जोरात फिरवायचे नसते. फिरवले तर खालचा बर्फ घासून काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग गाडी स्वतःच्याच खड्ड्यात बसते. बापू लगेच पाय काढी. म्हातारा आणि मी फावड्याने पोटाखालचा बर्फ ओढून काढू आणि चाकांपुढे राख पसरू. राखेवर साखळी पकडे. एक फावडे, दोन माणसे, आणि दहा वेळा ओढले की छातीत भाता फुटेल अशी धाप. एका ठिकाणी अर्धा तास गेला, दुसऱ्या ठिकाणी त्याहून जास्त. राख पांढऱ्यावर पडली की मला फार बरे वाटे. तेवढा एक करडा डाग डोळ्यांना टेकायला मिळे.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर ते झाले. उतार एकदम तीव्र होता. मी मागे पाहिले तर जिप्सीचे तोंड माझ्याकडे आणि ढुंगण दरीकडे सरकत चाललेले. आवाज नाही, घाई नाही, एखाद्या म्हशीने पाण्यात बसावे तसे सावकाश. माझ्या तोंडून "ब्रेक!" निघाले. मी ओरडलो ते चूक होते. बर्फाच्या उतारावर ब्रेक दाबला की चाके अडतात आणि अडलेले चाक म्हणजे घसरगुंडी. फिरत्या चाकालाच दिशा देता येते. हे बापूनेच मला आदल्या आठवड्यात सांगितले होते. त्याने माझे ऐकले नाही. ब्रेकला स्पर्श न करता त्याने सुकाणू दरीकडे, हो, दरीकडेच जरा वळवले, एक हुंकार एवढा अॅक्सिलरेटर दिला, साखळ्यांनी खाली काहीतरी पकडले आणि गाडी पुन्हा नीट तोंड करून उभी राहिली. हे सगळे त्याने न बघता केले. त्याला दिसत होता तो फक्त एक लाल ठिपका, आणि तोसुद्धा मी घाबरून खाली सोडला होता.

"मफलर वर धर की लेका!" तो आतून ओरडला.

मी वर धरला. त्यानंतर हात खाली आला नाही. एक हात भरून आला की दुसरा. बोटे आपली आहेत की नाहीत ते कळेनासे झाले होते. चालता चालता माझ्या मनात धुळे, रामपूरचा चहा आणि पंपावरची पाटी अशी एकामागून एक येऊ लागली. मी पाहिले होते ते. तिन्ही वेळा पाहिले होते. पण मला बर्फ बघायचा होता, रजा मंजूर झाली होती, आणि माझ्या माणसाला मरायला चांगली जागा हवी होती. बापूला दिलेली शिवी मी चालता चालता हळूहळू परत घेतली. त्याला तसे सांगितले मात्र नाही.

सुमारे पाच किलोमीटर आम्ही असे उतरलो. त्याला चार तास लागले. मग खालून एक पिवळा रंग दिसला. जेसीबी वर येत होता. कॅडमियम यलो, ट्यूबमधून थेट काढलेला. इतका सुंदर रंग मी पाहिलेला नाही. मागून बापू ओरडला, "मास्तर, काही पिवळं आहे का पुढं?" म्हाताऱ्याने फावडे खांद्यावर टाकले, पैसे घेतले नाहीत, उरलेली राख मात्र मागून घेतली, आणि आमच्या चाकोरीतून परत वर निघाला. वळणापर्यंत दिसला, मग पांढरे झाले.

जेसीबीबरोबर आलेल्या एका पोराने जिप्सी काझापर्यंत आणली. दवाखान्यात तलाठ्याला ऑक्सिजन लावला. रात्री नऊ वाजता त्याने मला मास्तर म्हणून हाक मारली आणि आजचा खर्च लिहिला का म्हणून विचारले. रस्ता मोकळा झाल्यावर त्याच पोराला पैसे देऊन आम्ही रामपूरपर्यंत आलो. पुढचा सगळा प्रवास तलाठ्याने गाडी चालवली. बापू डाव्या सीटवर. कोणी काही बोलत नव्हते. पण समोर ट्रक आला, वळण आले, गुरे आडवी आली की बापूचा उजवा पाय पुढच्या चटईवर दाबला जाई. वाई येईपर्यंत ती चटई पार चुरगळून गेली होती.

घरी पोचल्यावर काय सांगायचे याची मी मनाशी जुळवाजुळव केली होती. लहानपणची सवय. बापू हातपाय धुवायला आत गेला आणि वहिनी पाणी घेऊन आल्या.

"भावजी, गाडी कुणी चालवली?"

"तिघांनी मिळून," मी म्हणालो. ते अगदीच खोटे नव्हते.

त्या तलाठ्याकडे वळल्या. तलाठ्याने खिशातून डायरी काढून त्यांच्या हातात दिली. खर्चाची पाने उलटली की शेवटी एक वेगळे पान होते. त्यावर दोन रकाने आखलेले, रोजचे किलोमीटर, बापूने किती, स्वतः किती. वहिनींनी ते पान उभ्या उभ्या वाचले. त्यांना दसऱ्यापासून माहीत होते. गाडी नेऊ नका म्हटले असते तर ते एकटेच गेले असते आणि लेसरलाही नाही म्हणाले असते, म्हणाल्या. म्हणून रात्रीची गाडी आणि कठीण रस्ता तलाठ्याने चालवायचा असे निघतानाच ठरले होते. तलाठी आजारी पडेल हे कोणी धरलेच नव्हते.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारले.

"तुम्हाला दिसलंच असेल असं वाटलं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी ते साधेपणाने म्हटले. टोमणा नव्हता.

फेब्रुवारीत लेसर झाले, नंतर आणखी तीनदा झाले. उजवा डोळा बराचसा राहिला, डावा गेला. गॅरेज चालू आहे. पोरे काम करतात, बापू आवाज ऐकून आणि हात लावून सांगतो. चौथी कादंबरी मी लिहिली नाही. तो माणूस अजून जिवंत आहे आणि कुठे मरायचे ते त्याचे त्यालाच ठरवू द्यावे म्हणतो.

जिप्सी विकायची नाही असे बापूने जाहीर केले आणि ती चालवायची कुणी, हा प्रश्न आला. तेव्हा रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर, वयाची बेचाळीस वर्षे झाल्यावर, मी पहिल्यांदा क्लच दाबला. गाडी तीन उड्या मारून बंद पडली. कबड्डीला आलेली मुले हसली. बापू डाव्या सीटवर बसला होता, तोंड सरळ समोर, माझ्याकडे न बघता. "पुन्हा. हळू सोड. ऐकतोयस का, तिसरा प्लग मिसिंग मारतोय." मी पुन्हा चालू केली. गोलपोस्टपाशी वळायचे होते. मी वळायच्या आधीच त्याचा पाय चटईवर दाबला गेला.